मास्तरांच्या पोटावरचा तात्पुरता मी

मी स्टोमा बोलतोय. म्हणजे मास्तरांच्या पोटावर बाहेर काढलेलं लहान आतड्याचं तोंड. तोंड म्हटलं की बोलणं आलंच, पण माझं बोलणं ऐकू आलं की लोक उठून खिडकी उघडतात, म्हणून इतके दिवस गप्प होतो.

माझा जन्म ऑपरेशनच्या टेबलावर झाला. मास्तरांच्या आतड्याच्या शेवटच्या टोकाला गाठ निघाली होती. डॉक्टरांनी ती कापली, उरलेली टोकं जोडली आणि आतली नवी शिवण भरून येईपर्यंत तिच्यावर भार नको म्हणून वरच्या अंगाला मला काढून ठेवलं. तीनच महिने, म्हणाले. जन्माच्या दिवशीच मरणाची तारीख कळलेला माझ्यासारखा भाग्यवान मीच!

मास्तर शिंपी. चाळीस वर्षं टेप गळ्यात. गिऱ्हाईक "जुनंच माप धरा" म्हणालं, तर त्याला उभं करून नव्यानं मोजायचे. माणूस बदलतो, हे त्यांचं पेटंट वाक्य. पण माझ्याकडे बघायची त्यांची छाती होईना. ते भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि धुणं-पुसणं काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या गळ्यात.

पाचव्या दिवशी मात्र त्यांनी डोळे किलकिले करून माझं माप घेतलं. मी तेव्हा नवा, सुजून टम्म फुगलेला. त्या मापाचा त्यांनी पुठ्ठ्यावर नमुना काढला आणि घरी येताच, माझ्यातून येणारं सगळं झेलायला पोटावर चिकटवतात त्या वीस पिशव्यांच्या चिकटपट्ट्यांना एका बैठकीत भोकं पाडून ठेवली. कातरकाम काय सुंदर! नंतर माझी सूज उतरली, महिन्याभरात मी निम्मा झालो. भोक तेवढंच राहिलं. उघड्या पडलेल्या कातडीवर माझं जळजळीत पाणी जाऊन ती सोलवटली आणि ओल्या कातडीवर पट्टी काही टिकेना.

मास्तरांनी पिशवीच्या कंपनीला दोष दिला, उकाड्याला दिला, काकूंच्या स्वयंपाकाला दिला. परत एकदा मोजून बघा, असं काकू चाचरत म्हणाल्या, तर आता तू मला माप शिकवणार का, म्हणून त्यांच्यावरच डाफरले. वर आणखी शहाणपण म्हणजे पिशवी भरूच नये म्हणून पाणी पिणं सोडलं. अहो, मी काय नळ आहे, वरून बंद केला की थांबायला? अंगात होतं नव्हतं तेही पाणी माझ्यातून गेलं. पायात गोळे आले, लघवी आटली, शेवटी सलाईन लागलं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, मूत्रपिंडं दमली आहेत, कातडीही सोललेली आहे, स्टोमा आत्ता बंद करता येणार नाही. तारीख महिनाभर पुढे गेली. मास्तर तोंडावर पांघरूण घेऊन रडले. त्यांना फक्त परत मशीनवर बसायचं होतं.

ड्रेसिंगच्या सिस्टरनी त्यांची एक पट्टी उजेडात धरली.

"कापलंय फार सुबक, मास्तर. पण हे माप कुणाचं?"

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. मग त्यांनी पहिल्यांदा मान खाली घालून मला नीट पाहिलं. त्या दिवसापासून दर वेळी ते स्वतः मोजू लागले, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पिऊ लागले. काकूंची माफी त्यांनी मागितली नाही, फक्त सकाळचा चहा करून दिला. कातडी हळूहळू वाळली.

आणि आज मी ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर स्ट्रेचरवर आहे. काकू खुशीत. सुटलात एकदाचे, म्हणाल्या. मास्तरांनी चादरीवरूनच माझ्यावर हात ठेवला.

"सुटलो खरा. पण आतली शिवण उसवली तर? हा होता तोवर तिच्यावर भार नव्हता गं."

चार महिने मी "कधी जातोस?" एवढंच ऐकलं. हा माणूस मला थांबवायला बघेल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. जीव हलला हो माझा. पण मास्तर, माझा मुक्काम वाढवू नका. आतली शिवण मी रोज जपली आहे, ती धरेल. हात काढा आता, सिस्टर आल्या.