मौन की अबोला

ठकीच्या आईबापांचं एक तत्त्व होतं. पोरीच्या हाती मोबाइल द्यायचा नाही. जेवताना नाही, गाडीत नाही, रडून आकांत केला तरी नाही. तत्त्व चांगलंच होतं, त्याबद्दल आत्याची काही तक्रार नव्हती. तिचं म्हणणं एवढंच होतं, की ज्या घरात मोबाइल चालत नाही त्या घरात आत्या मात्र बरी चालते! मोबाइल निदान चार्ज तरी करावा लागतो. आत्याला मागच्या सीटवर ठकीशेजारी बसवलं आणि पट्टा लावला की काम झालं. मग आईबाप पुढे गाणी ऐकायला मोकळे.

"आमच्या ठकीला प्रवासात काही म्हणजे काही लागत नाही," निघताना वहिनी शेजारणीला सांगत होती. "पाच वर्षांची आहे, पण स्क्रीन मागत नाही."

मागच्या सीटवर बसलेली स्क्रीन हे सगळं मुकाट्याने ऐकत होती.

मुकाट्याने हे अगदी खरं, कारण त्या दिवशी आत्याचं मौन होतं. आत्याचा व्यवसाय आवाजाचा. लहान मुलांच्या कार्यक्रमांत ती दिसायची नाही, नुसती ऐकू यायची. तिने बेडूक केले, बदकाची पिल्लं केली, एकदा दात घासायचा ब्रशसुद्धा केला, आणि गेली कित्येक वर्षं ती खारूताई करत होती. खारूताईचा आवाज काढायचा म्हणजे जीभ टाळूकडे न्यायची, गळा आवळायचा आणि शब्द नाकाच्या शेंड्यातून सोडायचे. ऐकणाऱ्याला गंमत वाटते. काढणाऱ्याचा घसा दुसऱ्या दिवशी खरवडून निघालेला असतो.

आणि उद्या सकाळचं आत्याला पहिल्यांदाच माणसाचं काम मिळालं होतं. एक जाडजूड कादंबरी होती, उतारवयाला लागलेल्या बाईची, आणि ती वाचायची होती आत्याच्या स्वतःच्या आवाजात. स्टुडिओतल्या बाईंनी बजावून सांगितलं होतं, "आधी पहिलं प्रकरण. ते ऐकून प्रकाशक ठरवतील, तुम्ही की दुसरं कुणी. आदल्या दिवशी तोंड उघडू नका, बरं का." आत्याने हे बोलणं मनात इतक्या वेळा घोळवलं होतं की तिला ते झोपेतही ऐकू यायचं.

दादा, वहिनी आणि ठकी त्याच शहरात सुट्टीला निघाले होते. "एकटी कशाला जातेस? चल आमच्याबरोबर," दादा म्हणाला. तिने फोनवर साफ सांगितलं, "येते, पण गाडीत मी बोलणार नाही. माझं मौन आहे." त्यावर दादा "बरं बरं" म्हणाला. दादाच्या "बरं बरं"चा अर्थ 'ऐकलंच नाही' असा असतो, हे सख्ख्या बहिणीने तरी लक्षात ठेवायला हवं होतं.

तरी ती काही हात हलवत आली नव्हती. पोरीला न बोलता कसं रमवायचं याचा तिने आठवडाभर विचार केला होता. पर्समध्ये दोरा होता, रंगीत पेनं होती, एक जुना हातमोजा होता. गाव मागे पडताच तिने ठकीच्या बोटांवर तोंडं काढायला सुरुवात केली. अंगठ्याला मिशा काढल्या, करंगळीला दोन वेण्या घातल्या, मधल्या बोटाला चष्मा चढवला. आपल्याही बोटांवर काढली. मग खिडकीच्या काचेवर त्या सगळ्यांची शाळा भरली. आत्याचा चष्मेवाला नुसता मान हलवायचा आणि ठकीचा मिशीवाला त्याच्या वतीने बोलायचा. ठकी एकटीच दहा जणांचं बोलत होती, आणि काय बोलत होती! करंगळीने अभ्यास केला नाही म्हणून अंगठा तिला ओरडला, मग तोच रडला आणि करंगळीने त्याला खाऊ दिला. मोबाइल नव्हता, खारूताई नव्हती, कुणाला कसला त्रास नव्हता. असंच चालू राहिलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

"मागे फार शांत आहे," वहिनी म्हणाली.

"ठकी बोलतेय की."

"ठकी बोलतेय. आत्या बोलत नाही."

दादाने आरशातून मागे पाहिलं. आत्या हसली आणि तिने आपल्या गळ्याकडे बोट दाखवलं. झालं! घसा जपतेय असं तिला म्हणायचं होतं. दादाने त्याचा अर्थ लावला, 'आता अगदी गळ्याशी आलंय.'

"अबोला आहे हा," तो स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाला. "मला नको सांगूस. अबोला मी लांबून ओळखतो."

ओळखणारच. या घराण्यात गप्प बसण्याला दुसरा अर्थच नव्हता. आत्या आणि दादा लहान असताना त्यांच्या आईने कपाट कुठल्या भिंतीला लावायचं यावरून बाबांशी अख्खा उन्हाळा अबोला धरला होता. "बाबांना सांग, भाजी संपली." "आईला सांग, ऐकलं." मध्ये दादा इकडून तिकडे पळायचा. एक काका तर भावाशी बोलायचे थांबले ते थांबलेच, कशावरून ते पुढे दोघांनाही आठवेना. कुणी सुखाने गप्प बसू शकतं, कामासाठी गप्प बसू शकतं, ही कल्पना शिरायला त्यांच्या डोक्यात जागाच नव्हती.

मग तपास सुरू झाला. वहिनी म्हणाली, पुढे बसायचं असेल तिला. दादा म्हणाला, मग विचारायचं होतंस. वहिनी म्हणाली, विचारलं होतं. दादा म्हणाला, विचारलं नाहीस, सरळ जाऊन बसलीस. म्हणजे माझीच चूक का? मी असं कुठे म्हटलं? तू तिच्या बॅगेवर डबे ठेवलेस, तेव्हाच तिचा चेहरा उतरला होता. डबे तुम्ही ठेवलेत! ज्या बाईबद्दल हे सगळं चाललं होतं ती हातभर अंतरावर बसून, करंगळीच्या वेण्या हलवत, मनातल्या मनात जळत होती.

शेवटी वहिनी वळली. एरवी ती आत्याला 'तू' म्हणायची. 'तुम्ही' बाहेर आलं की समजायचं, आता खैर नाही.

"अहो आत्या, तुम्हाला माझं काही लागलं असेल तर सरळ बोला. असं तोंड शिवून बसू नका."

आत्याने फोनवर लिहून तिच्यापुढे धरलं, 'उद्या रेकॉर्डिंग. मौन आहे. राग अजिबात नाही.' वहिनीने ते दादाला वाचून दाखवलं.

"राग नाही असं लिहून दिलं?" दादा म्हणाला. "मग तर नक्कीच आहे. आईसुद्धा अगदी असंच म्हणायची!"

वहिनीने डोळ्यांना रुमाल लावला. इतका वेळ शाळा चालवणारी ठकी गप्प झाली. तिने मोठ्यांच्या तोंडांकडे पाहिलं, आपल्या बोटांकडे पाहिलं आणि खालचा ओठ बाहेर काढून विचारलं, "आत्या माझ्यावर रागावली?"

इथे आत्याचं मौन मोडलं. कुणाचं मोडणार नाही?

"नाही गं राणी," ती म्हणाली. "कुणावरच नाही रागावले."

"नाही ना?" दादाने लगेच झडप घातली. "मग कर खारूताई. एकदाच. पोरीची खात्री पटू दे."

खारूताई आता राग नसल्याचा पुरावा झाली होती. पुरावा दिला नाही तर गाडीत रडारड होणार, आणि दिला तर आपला घसा जाणार. आत्याने गळा आवळला आणि पुरावा दिला. ठकी खिदळली. वहिनीचा रुमाल पर्समध्ये गेला आणि 'तुम्ही'चं पुन्हा 'तू' झालं. "बघ, किती छान करतेस! उगीच ताणून धरत होतीस."

एकदाच म्हणता म्हणता खारूताईने गाणं म्हटलं, दात घासले, तिला सर्दी झाली, ती दवाखान्यात गेली. दर वेळी आत्या हात जोडायची आणि ठकीच्या आधी दादाच म्हणायचा, "एवढं एक." पोरीचं एक वेळ ठीक आहे, ती पाच वर्षांची होती. पण या चाळिशीच्या घोड्याला काय झालं होतं? "ती झाडावरून पडते ना, तेव्हा ओरडते, ते कर," तो म्हणाला. खारूताई झाडावरून पडली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडताना आत्याच्या घशात काहीतरी चरचरलं आणि तिला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं.

"पाणी पी," वहिनीने बाटली मागे दिली. "मग पुढचं कर."

पेट्रोल पंपावर गाडी थांबली. आत्या उतरली, तिथल्या चहावाल्याकडून तिने कोमट पाणी घेतलं आणि गाडीला टेकून घोट घोट घेत राहिली. दादा आळस देत शेजारी आला, मागोमाग वहिनी आणि बिस्किट खाणारी ठकी.

"एवढं काय तोंड करून उभी आहेस? उद्या बसून पुस्तकच वाचायचंय ना? नुसतं वाचायचं तर आहे. कुणीही वाचेल."

'नुसतं'पर्यंत आत्याने ऐकून घेतलं. 'कुणीही' ऐकल्यावर तिने पेला खाली ठेवला.

"कुणीही वाचेल ना? मग मागच्या सीटवर कुणालाही बसव," ती म्हणाली. "माझा गळाच कशाला हवा तुम्हाला? गप्प बसले तर अबोला, बोलले तर फर्माइश. पोरीचे डोळे बिघडतील म्हणून तुम्ही मोबाइल देत नाही. माझा घसा बिघडला तर तो तुमच्या कुठल्या तत्त्वात बसतो? इतकी वर्षं मी बेडूक झाले, ब्रश झाले. उद्या पहिल्यांदा कुणाला तरी माझा आवाज हवाय. माझा! आणि तो तुम्ही गाडीत वेळ घालवायला वापरून टाकलात."

"आम्ही घरचं समजून म्हटलं," वहिनी पुटपुटली.

"घरचं समजता म्हणूनच विचारत नाही. परकी असते तर विचारलं असतंत."

ती ओरडली नव्हती. आवाज खालून, छातीतून आला होता, जड आणि सावकाश. पलीकडच्या गाडीतले लोकसुद्धा वळून बघायला लागले होते. ठकीने बिस्किट तोंडाशी नेता नेता थांबवलं.

"आत्या, हा कुणाचा आवाज?"

"माझा."

"खराखुरा?"

"खराखुरा."

"मग लपवून का ठेवला होतास?"

दादाने धाडकन दार उघडलं आणि आत बसला. वहिनीही बसली. गाडी रस्त्याला लागली, आणि जरा वेळाने दादा समोर बघत म्हणाला, "ठकी, आत्याला सांग, पट्टा लाव म्हणावं."

म्हणजे अबोला! खराखुरा, घराण्याच्या रीतीचा, नवराबायकोने मिळून धरलेला. तिथून शहरापर्यंत आत्याशी कुणी अवाक्षर बोललं नाही. गाणी बंद, प्रश्न बंद, खारूताईचं नाव नाही. सकाळी तिने हेच तर मागितलं होतं, हात जोडून मागितलं होतं. तेव्हा मिळालं नाही, आणि आता शिक्षा म्हणून पदरात पडलं. आत्या रागात होती, तरी तोंड मिटून, नाकाने संथ श्वास घेत घसा सैल सोडत होती. ठकीने पेन उघडून आपल्या तळहातावर एक मोठ्ठं तोंड काढलं आणि हळूच आत्याच्या मांडीवर ठेवलं. आत्याने त्याला कान काढले.

संध्याकाळी गाडी आत्याच्या मुक्कामापाशी थांबली. वहिनी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. दादाने डिकीतून बॅग काढून, तोंड फिरवून, फुटपाथवर ठेवली. ठकी खिडकीतून अर्धी बाहेर आली.

"आत्या, तो आवाज काढ ना. तुझावाला."

आत्याने काढायला नको होता. पण इतक्या वर्षांत तो आवाज आपणहून मागणारं हे घरातलं पहिलंच माणूस होतं.

"ठकी, येते हं मी," ती म्हणाली.

'ठकी' नीट आलं. 'येते' फाटलं, आणि 'मी'ला नुसती हवा आली. तिने खाकरून पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा तिथेच, खालच्या सुरात, जिथे उद्याची ती कादंबरीतली बाई बोलणार होती नेमकं तिथेच फाटलं.

डिकीवरचा दादाचा हात तसाच राहिला. हा आवाज त्याने पाळण्यापासून ऐकला होता, आणि त्याला सोंग आणि दुखणं यातला फरक कळत होता. त्याचा चेहरा पडला. अबोला धरलेला माणूस 'चुकलं' म्हणणार कसा? त्यांच्या घरात जो आधी बोलला तो हरला.

"ठकी," तो अखेर म्हणाला, "आत्याला सांग..."

"काय सांगू?"

दादा गाडीच्या चाकाकडे बघत उभा राहिला.

"बाबा, काय सांगू आत्याला?" ठकीने पुन्हा विचारलं.

आत्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग बॅग उचलून ती आत गेली.