गुडघ्यांचे दोन खळगे

मी पाळकसाहेबांच्या गुडघ्यांखालची चटई बोलतेय. काल रात्रभर मला एकच घोर लागला होता: उद्या तरी ते गुडघे माझ्यावर टेकतील का? चटईनं असल्या गोष्टींत पडू नये, कळतं मला. पण उपदेशाआधी पाळक देवाशी बोलला की नाही, हे देवाखालोखाल मलाच ठाऊक असतं.

सहा वर्षांपूर्वी फेरेती सामोआतल्या आमच्या किनाऱ्यावरच्या गावात पाळक होऊन आले. तेव्हा बायकांनी केवड्याची पानं उकळून, उन्हात वाळवून मला विणलं. शेवटची कड विणली त्यांच्या बायकोनं, लुसियानं. त्यांची लेक सिएनी तेव्हा पोटात होती. लुसियाचा हात सारखा चुकायचा. "माझ्या हातची कड उसवणार बघा," म्हणायची. उसवली नाही, पण वाकडी राहिली. माझा काळजीचा स्वभाव बहुधा तिथूनच आला.

मला उपदेशपीठामागे अंथरलं. दर रविवारी फेरेती तिथं गुडघे टेकायचे, कपाळ लाकडाला लावायचे. लोकांना ते दिसत नसे. माझ्यावर मात्र दोन खळगे पडले. सिएनी रांगायला लागली तशी उपदेशभर माझ्यावरच झोपू लागली. म्हातारी आपेरिला हसायची, "लुसिया, तुझा नवरा अख्ख्या गावाला जागं करतो, आणि घरचंच माणूस घोरतंय की गं!"

गेल्या साली सिएनीच्या पाठचं तान्हं बाळ तापानं गेलं. पुढच्या रविवारी फेरेती पीठामागे आले आणि नुसतेच उभे राहिले. आवाज तेवढा मोठा झाला. लोक ऐकून रडायचे. माझे खळगे हळूहळू भरून आले.

मला झटकताना लुसिया कुजबुजायची, "तुला तरी काही कळतंय का गं?" माणूस देवावर रुसलाय, एवढंच मला कळत होतं. पण रुसलेल्या माणसानं त्याचेच निरोप सांगत राहावं का? असो. मी कोण विचारणारी.

काल चर्चचं छप्पर गळू लागलं म्हणून लुसियानं मला घरी नेलं. रात्री सिएनी माझ्यावर झोपली. फेरेती बाहेर पायरीवर समुद्राकडे बघत बसून होते. सकाळी लुसियानं मला पुन्हा पीठामागे आणून अंथरलं.

आज वारा अजिबात नाही. समुद्र काळा पडलाय. खेकडे पायऱ्या चढून बाकांखाली शिरलेत. सिएनी माझ्यावर पेंगतेय. पहिलं गीत संपलं तसे गावप्रमुख तुआला उठले.

"पाळकसाहेब, वादळ येतंय, रेडिओ डोंगरावर जा म्हणतोय. पोरंबाळं आहेत. पण तुम्ही सांगाल तसं."

आमच्या गावात पाळकाच्या आशीर्वादाआधी कोणी चर्चबाहेर पाऊल टाकत नाही. आग लागली तरी विचारून उठतील.

फेरेतींच्या पायाची बोटं माझ्यात रुतली. दाराखालून शिरलेलं खारं पाणी माझ्या वाकड्या कडेपर्यंत आलं. त्या गारव्यानं सिएनी उठून बसली.

"बसा, तुआला," फेरेती म्हणाले. आवाज नेहमीसारखाच भरदार. "रात्रभर मी माझ्या चटईवर गुडघे टेकून देवाला विचारलंय. वादळ वळणार आहे. आशीर्वादाआधी कोणी उठायचं नाही."

तुआला बसले. दोनशे माणसं बसून राहिली. लुसियाचा हात तोंडाशी गेला, पण पाळकाची बायको नवऱ्याला चारचौघांत खोडून काढत नाही.

फेरेती, अजून वेळ आहे हो. खाली वाका. भांडायचं तर भांडा त्याच्याशी, बाळाचा जाब विचारा, पण एकदा टेका. मी भिजलेय, तरी अजून तुमचे गुडघे पेलीन. एवढ्या माणसांचा भार मात्र मला पेलणार नाही.

सिएनी डोळे चोळत पीठाआडून पुढे गेली आणि सगळ्या गावासमोर उभी राहिली.

"पण बाबा, रात्री चटईवर तर मी झोपले होते."