याइमाच्या पिंजऱ्यातले दिवस

मी बोलतोय, मणिपूरच्या लोकताक सरोवरातून. मी काळा, तुळतुळीत पाणभुंगा. माझ्या आईने अंड्यांसाठी रेशमाची होडी विणली होती, चक्क डोलकाठीसकट. त्या होडीतून आम्ही भावंडं पाण्यात उतरलो. लहानपणी मी गोगलगायींचा काळ होतो; आता कुजलेलं गवत खातो आणि सुखात असतो.

इथे गवताची बेटं तरंगतात. अशाच एका बेटाच्या कडेला याइमा नावाच्या कोळ्याने मासे धरायचा बांबूचा पिंजरा लावला, अर्धा पाण्यात, अर्धा वर. मी आत शिरलो आणि अडकलो. सकाळी तव्यावर जाणार, हे नक्की. मिरची घालून आम्हाला कुरकुरीत भाजतात.

पण सकाळी याइमा आला नाही. नंतरही नाही. मला तक्रार नव्हती. वर येऊन पोटाखाली चांदीसारखी हवा भरून घ्यायची, खाली गवत छान कुजत होतं. सोबतीला दोन मासे.

मग एका दुपारी त्याचा धाकटा भाऊ नाओबा होडी घेऊन आला आणि घाईघाईने पिंजरा उपसू लागला. जवळच त्याची बहीण मेमचा दुसऱ्या होडीतून कमळाचे देठ काढत होती.

"अरे वेड्या, काय करतोस?"

"दादाचा शेवटचा पिंजरा आहे, ताई. आज तेरावं झालं, आता मासळी चालते."

"तेरावं उद्या आहे! उद्याच्या जेवणासाठी नाहीतर हे देठ कशाला काढतेय मी? कधीपासून मोजलंस?"

"दवाखान्यात नेलं तेव्हापासून."

"तो गेला दुसऱ्या दिवशी."

नाओबाने पिंजरा होडीत टेकवला. "मला तोच दिवस आठवतो गं. तेव्हा तो बोलत होता."

सुतकात जीव मारायचा नाही. त्याने मासे सोडले, मग मला उचललं. माझ्या छातीचा काटा त्याच्या तळव्यात घुसला. "आई गं!"

मेमचा रडता रडता हसली. "दादालाही दर वेळी टोचायचा. शिव्या घालत पकडायचा, तुला भुंगे आवडतात म्हणून."

नाओबाही हसला. मग बराच वेळ मला हातात धरून बसला. शेवटी त्याने मूठ पाण्यात उघडली.

"पिंजरा घरी नेऊया का?" मेमचाने विचारलं.

"नको. इथेच राहू दे. दादा याचं तोंड कुठल्या बाजूला ठेवायचा?"

"उगवतीला."

आता रोज सकाळी नाओबा पिंजरा बघायला येतो. मी त्याच बेटाखाली असतो. माणसांनो, एवढंच मागतो: हे पाणी आणि हे गवत असंच राहू द्या. पिंजऱ्याचं तोंड अजून उगवतीला आहे. मी मात्र बाहेरूनच जातो.