राजा जेवला त्याचा अर्थ

प्रेमाच्या वाट्याला बायबलमधला उतारा आला तो दावीद राजाचा. राजानं केलेल्या पापाची शिक्षा म्हणून त्याचं पोर सात दिवस आजारी होतं, तेवढे दिवस राजा भुईवर पडून राहिला, अन्नाला शिवला नाही. पोर गेल्याचं कळलं तसा उठला, आंघोळ केली आणि म्हणाला, वाढा. राजा असा का वागला, ते तीन पानांत लिहायचं होतं. मुरबाडच्या प्रार्थनाघरातल्या बायबलच्या वर्गात पाळकांनी चिठ्ठ्या टाकून विषय वाटले होते.

वैशाखऱ्याला, आपल्या गावी, घरी आल्यावर चार दिवस तिनं वहीला हात लावला नाही.

नऊ वर्षांपूर्वी तिची रुचिता तापानं गेली. पाच वर्षांची होती. दवाखान्यात सहा दिवस प्रेमा तिच्या उशाशी बसून होती. सातव्या दिवशी जीपमधून मांडीवर घेऊन आली ती मेलेली लेक. अंगणात बायका रडत होत्या आणि मागल्या दारी तिचा नवरा महादू शेजारणीनं आणलेला भात खात होता. मोठाले घास, भराभरा. तेव्हापासून ती त्याला वाढायची, पण त्याच्यासोबत कधी जेवली नाही. पुढं दोन वर्षांनी ती प्रार्थनेला जायला लागली. महादूनं अडवलं नाही आणि बरोबरही आला नाही.

पाचव्या दिवशी दुपारी तिनं पाळकांनी सांगितलेलं लिहिलं : राजानं देवाची इच्छा मान्य केली. वाक्य पुरं झालं आणि तिचा तिलाच संताप आला. महादू ओटीवर कोयत्याला धार लावत होता.

‘‘अवो, पोर अंगनात व्हती, तवा तुमी जेवलात कसं?’’

त्याचा हात थांबला. ‘‘आज इचारतेस?’’

‘‘आज इचारते.’’

‘‘दवाखान्यात एकालाच आत सोडायची. मी भायेर पायरीवर बसलेलो. सा दिवस निस्ता चा.’’ तो खाली बघतच बोलला. ‘‘घरी आलो तं खड्डा खनायचा व्हता. दुसऱ्या कुनाला मी हात लावू देनार नव्हतो. कुदळ उचलली नि डोल्यांपुढं अंधारी आली. म्हनून खाल्लं. तरी पयला उथळ झाला गो. कोल्ही उकरतात. मंग आनखी खनला, कमरेएवढा.’’

प्रेमानं वही मिटली. मग उठली. ‘‘मना जागा दाखवा.’’

‘‘नको.’’

‘‘दाखवा.’’

ओढ्यापलीकडच्या माळाला आता तारेचं कुंपण होतं. आत सपाट केलेली जमीन, आखलेले प्लॉट आणि लाल कौलांचा एक बंगला. महादूनं हात वर केला, थोडा डावीकडं नेला, परत उजवीकडं आणला.

‘‘खुनंचा आंबा तोडला प्लॉटवाल्यांनी. जेसीबी फिरवला. दोन वर्सं झाली.’’

‘‘मना सांगितलं नाय?’’

‘‘तू कदी इचारलंस?’’

कुंपणाची तार धरून ती उभी राहिली. कुठं बघून रडावं तेही तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी तिनं आधीचं वाक्य खोडलं आणि दीड पान लिहिलं. बाप जेवला कारण त्याला माती उकरायची होती. उताऱ्यात खड्डा कुणी खणला ते नाही. पाप बापाचं, आणि मेलं पोर; त्याचा काय गुन्हा, तेही नाही.

पाळक वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला. ‘‘प्रेमाताई, राजाला खणावं लागत नाही. आपण उताऱ्याचा अर्थ लिहायचा, आपला नाही. देवानं तसं का केलं हे आपण विचारायचं नसतं. पुन्हा लिहा.’’

‘‘मना दुसरा अर्थ लागत नाय,’’ ती म्हणाली.

तिनं पुन्हा लिहिलं नाही. महिन्याभरानं वर्गातल्या बाकीच्या अकरा जणांना प्रमाणपत्रं वाटली, तेव्हा ती शेवटच्या ओळीत बसून टाळ्या वाजवत होती.