'कॉफी प्या' म्हणणार कोण?

खलफान बिन घैथ मोटारीतून उतरला तेव्हा अबू धाबीत ऊन असं तापलं होतं की सावल्यासुद्धा भिंतीखाली अंग चोरून बसल्या होत्या. म्हाताऱ्याच्या हातात लिवा गावच्या खजुरांची करंडी आणि अंगाला धुपाचा वास. आज जमलं तर जमलं. येत्या शुक्रवारी शारजाची माणसं अफ्राला मागणी घालायला येणार होती, आणि अफ्राचं मन बसलं होतं खलफानच्या नातवावर, सुहैलवर. सुहैलचं तर इतकं बसलं होतं की तो चहात मीठ घालून पीत होता आणि वर 'वा, वा' म्हणत होता.

अडचण एकच. अफ्रा ही मुसब्बहची नात.

खलफान आणि मुसब्बह यांचं काय बिनसलं होतं ते लिवातल्या शेळीला विचारलं तरी ती सांगेल. दोघे तरुण असतानाची गोष्ट. उंटांची मोठी शर्यत होती. मुसब्बहचा उंट सगळ्यांच्या पुढे, वाऱ्याच्याही पुढे, म्हणजे वारा मागून धापा टाकत येतोय अशी स्थिती. शेवटची रेघ समोर आली आणि उंट थांबला. मागे वळला. मागून खलफानची सांडणी येत होती, रीमा. उंटाने तिच्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि गुडघे टेकून तो तिथेच बसला. रीमा त्याच्याकडे ढुंकूनही न बघता रेघ ओलांडून गेली.

"ह्या लबाडाने सांडणीच्या मानेला अत्तर चोळलं होतं!" मुसब्बह ओरडला.

"बायकोने धूप दिला होता," खलफान म्हणाला, "घरी आलेल्या प्रत्येकीला देते. रीमा काय परकी आहे?"

झालं. त्या दिवशी मुसब्बहने शपथ घेतली की खलफानच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही. खलफानने उलट शपथ घेतली. मशिदीत एक पहिल्या रांगेत उभा राही, दुसरा शेवटच्या. मध्यस्थी करायची तर कोणी? सगळ्या लिवाने बाजू घेतल्या होत्या. तटस्थ असं खजुराचं झाडसुद्धा उरलं नव्हतं. निम्मी झाडं खलफानकडे झुकलेली, निम्मी मुसब्बहकडे.

मार्ग काढला तो अफ्रानेच. पोरगी अबू धाबीच्या तीन घरांत पाहुण्यांना माहिती सांगायची नोकरी करायची. तीन घरं म्हणजे एका ओट्यावर एक मशीद, एक चर्च, एक यहुद्यांचं सिनगॉग. तिन्ही पांढरी, तिन्ही एका उंचीची. कोणी कोणाकडे वरून बघायचं नाही. तिने फोनवर खलफानला सांगितलं, "आजोबा, इथे या. इथल्या कोणाचाही उंटांशी काडीचा संबंध नाही. फादरना तर उंट आणि जिराफ यांतला फरकही नीट सांगता येत नाही." आणि स्वतःच्या आजोबांना सांगितलं, "शारजावाले विचारतील पोरगी कुठे काम करते. एकदा येऊन बघा तरी."

तर खलफान आत शिरला आणि समोर बघतो तो मुसब्बह.

दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मुसब्बह तरातरा मशिदीत शिरला, म्हणून खलफान चर्चमध्ये शिरला. मुसब्बह मशीद बघून चर्चकडे वळला, तसा खलफान मागल्या बाजूने निसटून सिनगॉगमध्ये. तिथे दारावरच्या माणसाने डोक्याला टोपी दिली, ती त्याने आपल्या रुमालावरच चढवली. मुसब्बह तिथेही आला, तेव्हा खलफान टोपीसकट मशिदीत. असे दोघे एकमेकांना चुकवत दुपार उतरेपर्यंत फिरले. तिन्ही घरं इतक्या भक्तिभावाने पुन्हा पुन्हा पाहणारे पाहुणे तिथे आजवर आले नव्हते. द्वारपाल गहिवरला.

शेवटी पाय थकले आणि मधल्या अंगणात दोघे आपटले एकमेकांवर.

"डोक्यावर काय आहे रे ते?" मुसब्बहच्या तोंडून निघून गेलं. इतक्या वर्षांतलं पहिलं वाक्य.

"तुला काय करायचंय? शोभतंय."

"अत्तर लावलं असशील त्यालाही."

"बसा दोघे," अफ्रा म्हणाली. तिने गालिचा आधीच अंथरला होता. कॉफीचं भांडंही तयार होतं. ती तशीच पोर आहे.

तेवढ्यात तिन्ही घरांचे तीन धर्मगुरू आले: इमाम सिद्दीक, फादर बोनाव्हेंचर आणि रब्बी एलियाझार. तिघे सज्जन, आणि तोच तिथला त्रास. इमाम म्हणायचे, "फादर, आधी आपण." फादर म्हणायचे, "छे, आधी रब्बी." रब्बी म्हणायचे, "माझ्याकडून हे पाप होणार नाही." असे ते दारात तासन्‌तास उभे राहायचे. शेवटी गवंडी बोलावून दार रुंद करून घेतलं, तेव्हापासून तिघे एकाच वेळी आत येतात, खांद्याला खांदा लावून, खेकड्यांसारखे.

अफ्राने कॉफी ओतली. खलफानने फिंजान, म्हणजे कॉफीचा बिनकानाचा छोटा पेला, हातात घेतलं, वास घेतला आणि एकही घोट न घेता ते समोर गालिच्यावर ठेवून दिलं.

तिन्ही धर्मगुरू पुढे वाकले.

आमच्याकडे पाहुण्याने फिंजान असं खाली ठेवलं म्हणजे त्याला काही मागायचं आहे. मग यजमानाने म्हणायचं, 'कॉफी प्या.' ते म्हटलं की मागणी मान्य. मागणी कसलीही असो, एकदा म्हटलं की म्हटलं. ह्या दोन शब्दांवर आमच्या आज्या-पणज्यांची लग्नं झाली आहेत, वैरं मिटली आहेत, विहिरी इकडच्या तिकडे गेल्या आहेत.

सगळ्यांनी मुसब्बहकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" मुसब्बह म्हणाला. "मी यजमान आहे का इथला? मीही पाहुणाच." आणि त्याने आपलं फिंजानही ठणकन खाली ठेवलं. "मलाही मागायचंय!"

आता आली का पंचाईत? दोन फिंजानं खाली आणि यजमान कोण?

"मी मशिदीत यजमान," इमाम म्हणाले. "पण अंगण तिघांचं."

"माझं यजमानपद त्या पायरीपाशी सुरू होतं," फादर म्हणाले.

"माझं त्या भिंतीपासून," रब्बी म्हणाले. "इथे मी आपला येणारा-जाणारा."

"मग ह्या गालिच्यावर यजमान कोण?" अफ्राने विचारलं.

तिघांनी वाकून गालिच्याकडे पाहिलं. जणू तोच सांगेल.

"आपण म्हणा ना, फादर."

"मी म्हटलं तर मी तुमच्यापेक्षा एका फिंजानाने मोठा होईन. नको. रब्बी म्हणतील."

"मी? अहो, इमामसाहेब असताना?"

एवढ्यात पाहुण्यांची एक बस आली. त्यांनी पाहिलं, दोन वयस्क माणसं कॉफी समोर ठेवून गंभीर चेहऱ्याने बसली आहेत. त्यांना वाटलं, इथला हाच प्रघात. तेही गालिच्याच्या कडेने बसले, अफ्राने त्यांनाही कॉफी दिली आणि त्यांनीही फिंजानं खाली ठेवली. दुसरी बस आली, तिनेही ठेवली. बघता बघता अंगणभर फिंजानं. पाय ठेवायला जागा नाही. एका जर्मन बाईंची मागणी एवढीच होती की स्वच्छतागृह कुठे आहे, पण त्यांनीही फिंजान खाली ठेवलेलं, आणि यजमानाशिवाय सांगणार कोण? बिचारी पाय आवळून बसली.

मध्येच नमाजाची वेळ झाली. फिंजानं होती तिथे ठेवून माणसं मशिदीत गेली. इमाम म्हणाले, "रांग सरळ करा, मध्ये जागा सोडू नका." खलफान आणि मुसब्बह यांच्यामध्ये एक जाडजूड तुर्की पाहुणा होता म्हणून निभावलं. परत आले तर कॉफी गार, आणि सूर्य मावळायच्या बेतात.

खलफानचा धीर सुटत चालला. शुक्रवार तोंडावर आला होता. घरी सुहैल आता साखरेऐवजी मीठ घालण्यापलीकडे गेला होता. सकाळी तो ताऱ्याला नाही, तर विजेच्या दिव्याला 'किती दूर आहेस' म्हणत होता. म्हाताऱ्याचा हात फिंजानाकडे गेला आणि तसाच परत आला. फिंजान जागचं हललं नाही. बुजुर्गांची पद्धत म्हणजे पद्धत. एकदा ठेवलं की नकाराने किंवा होकारानेच उचलायचं.

शेवटी रब्बींना सुचलं. "तिघांनी एकदमच म्हटलं तर?"

"कोणीच मोठा नाही!" फादर आनंदाने म्हणाले.

"आणि कोणीच लहान नाही!" इमाम म्हणाले.

तिघे गालिच्याच्या कडेला उभे राहिले. एकमेकांचे हात धरले. श्वास घेतला. तिसऱ्या प्रयत्नात सूर जुळला आणि अंगण दणाणलं:

"कॉफी प्या!"

जर्मन बाई उठून धावत सुटल्या. बाकी सगळ्यांनी घटाघट गार कॉफी प्यायली. खलफान प्यायला. मुसब्बह तर मिशा पुसत प्यायला; आपली मागणी मान्य झाली ह्या आनंदात त्याने रिकामं फिंजान हवेत नाचवलं.

"आता सांगा," अफ्रा म्हणाली, "काय काय मागितलंत?"

"सुहैलसाठी तू," खलफान म्हणाला.

मुसब्बह ताडकन उठला. "आणि मी मागितलं की कयामतीपर्यंत ह्या अत्तरवाल्याचा पाय माझ्या घरात पडू नये!"

तिन्ही धर्मगुरू एकमेकांकडे बघू लागले. दोन्ही मान्य करून बसले होते.

"माझी नात देणारे हे कोण?" मुसब्बह गरजला.

"यजमान," खलफान म्हणाला.

"मी नाही मानत!"

"मग कॉफी कशी प्यायलास रे? यजमान मानला नाहीस तर फिंजान उचललंस कशाला? मिशाही पुसल्यास. सगळ्यांनी पाहिलं."

दोन बसमधल्या पाहुण्यांनी माना डोलावल्या. त्यांना शब्द एक कळला नव्हता, पण मिशा पुसलेल्या पाहिल्या होत्या.

मुसब्बहने मिशा चाचपल्या. नातीकडे पाहिलं. ती भांडं छातीशी धरून उभी होती आणि हसू दाबताना तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "ही आधीपासूनची मिलीभगत दिसते," तो पुटपुटला. "सांडणीपेक्षा वाईट."

"पण तुमची मागणीही मान्य झालीय, आजोबा," अफ्रा म्हणाली. "खलफान आजोबा तुमच्या घरात कधीच येणार नाहीत."

"येणार नाही," खलफान म्हणाला. "शब्द म्हणजे शब्द."

लग्न लागलं. पण नवऱ्याकडच्या वडीलधाऱ्याने नवरीच्या घरी यायला नको का? म्हणून मुसब्बहने घराबाहेर तंबू ठोकला. तंबू म्हणजे घर नव्हे. मग बारसं आलं, ईद आली, आणि खलफान उन्हात बसणार का, म्हणून तंबू वाढला. त्यात गालिचे आले, पंखे आले, मुसब्बहचा पलंग आला. खलफान रोज येतो, रोज भांडतो, मग मुसब्बह रात्रीही तिथेच पडू लागला. घर रिकामं राहिलं. रिकामं कशाला ठेवायचं म्हणून उंट आत बांधले. शारजाची माणसं ठरल्याप्रमाणे शुक्रवारी आली खरी, फक्त तो शुक्रवार दोन वर्षं उशिराचा होता. दिवाणखान्याच्या खिडकीतून एका उंटाने त्यांना पाहिलं, त्यांनी उंटाला पाहिलं, आणि ती न बोलता परत गेली.

परवाच्या संध्याकाळी खलफानने तंबूत कॉफी घेतली आणि फिंजान खाली ठेवलं.

मुसब्बहच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आता काय रे?"

"कबूल कर. तुझा उंट आपण होऊन बसला होता."

मुसब्बहने घराकडे पाहिलं. घरातून एक उंट ओरडला. पणती रांगत रांगत आली आणि तिने फिंजानात बोट बुडवलं.

"अफ्रा!" मुसब्बहने हाक मारली. "ह्याची कॉफी गार होतेय. त्या तिघांना फोन लाव."