कोंडाजीचे धाकटे दोघे

कुशाबा पौषात गेला आणि माघात भाट आला. दर काही वर्षांनी तो मुळशी खोऱ्यातल्या घराण्यांची वंशावळ घेऊन फिरायचा. जुनी नावं वाचून दाखवायचा, नवी मांडायचा, आणि मिळेल ते धान्य, कापड घेऊन पुढच्या गावाला जायचा. जयसिंग त्याचं नाव. कुशाबाचा मुलगा हैबतराव त्याच्यासमोर ओसरीवर बसला होता. बाप गेल्यापासून त्याला कशातच गोडी वाटत नव्हती. पण बापाचं नाव पोथीतून ऐकायचं म्हणून तो सावरून बसला.

"रायाजीचे कोंडाजी," जयसिंग एका सुरात वाचत होता. "कोंडाजीचे पुत्र तीन. थोरले कुशाबा, मधले गेणबा, धाकटे भिकू."

"थांबा," हैबतराव म्हणाला. "माझा बाप एकटाच हुता. त्याला ना भाऊ, ना बहीण."

जयसिंगानं पान त्याच्याकडे फिरवलं. "माझ्या आज्याचं अक्षर आहे, राव. पोरं डोळ्यांनी बघून लिहितो आम्ही." मग त्यानं पुढचं पान उलटलं आणि तोही जरा थबकला. "पुढच्या फेरीला मात्र एकटे कुशाबाच मांडलेत. पोर लहानपणी गेलं तर नावापुढं 'वारले' असं लिहायचा रिवाज आहे. इथं कुणी काही सांगितलेलंच दिसत नाही."

आत हैबतरावाची म्हातारी आई, धोंडाबाई, तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

भाट गेल्यावर हैबतरावानं विचारलं, "आये, तुला ठाव हुतं?"

"नावं आजच ऐकली." ती सुपातले खडे वेचत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "तुज्या पाठीवर एक पोरगा झाला हुता, जगला न्हाई त्यो. बारशाला मी म्हणले, भिकू ठिवू. तुजा बाप पाळण्याम्होरनं उठला आन् रानात निघून गेला. दुसऱ्या दिशी आला. डोळं सुजल्यालं. मी पुन्यांदा काय बी इचारलं न्हाई. तू बी इचारू नगस."

पण हैबतरावाच्या डोक्यातून ते जाईना. चाळीस वर्षं ज्याच्या पाठीपाठी नांगर धरला, त्या बापाला दोन भाऊ होते आणि त्यानं एकदाही त्यांचं नाव घेतलं नव्हतं. शेवटी फाल्गुनात एके सकाळी तो एसटीनं पौडला गेला आणि मामलेदार कचेरीत जाऊन उभा राहिला.

तिथं वाल्मीक नावाचे एक वयस्क कारकून होते. जुनी जन्ममृत्यूची बुकं मोडी लिपीत होती आणि मोडी वाचणारे आता तेवढेच उरले होते. त्यांनी विचारलं, "गाव कोणतं?"

"शिळवडं. धरणात गेलं ते."

"आणि साल?"

"ठाव न्हाई, साहेब. गाठीच्या रोगाचं बघा. आमच्याकडं लई माणसं तवाच गेली."

वाल्मीकांनी फडक्यात बांधलेली बुकं सोडली. प्लेगच्या सालाची पानं किडीनं चाळणीसारखी झाली होती. बोट फिरवत ते शिळवड्याची नावं वाचत गेले. मेलेल्यांची रांग संपत नव्हती. मग ते म्हणाले, "हे बघा. गेणू वल्द कोंडाजी, वय आठ. भिकू वल्द कोंडाजी, वय पाच. गाठीचा ताप. दोघांची तारीख एकच."

हैबतरावानं हात जोडले. सापडले, असं त्याला वाटलं. रोगानं गेले, त्याचं दुःख बापाला सोसवलं नाही, एवढंच असेल. तो उठणार, इतक्यात वाल्मीक पुटपुटले, "वर्दी जागल्यानं, गावच्या राखणदारानं दिलीय. बापानं नाही." त्यांनी वरखाली पुन्हा पाहिलं. "आणि बाकी सगळ्यांपुढे 'माळावरील झोपड्या' लिहिलंय. या दोघांपुढे 'राहते घर'."

हैबतराव पुन्हा खाली बसला. गाठीचा रोग आला तेव्हा अख्खं शिळवडं गाव सोडून माळावर खोपटी बांधून राहिलं होतं, हे त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. गावात चिटपाखरू उरलं नव्हतं म्हणत. मग ही दोन पोरं घरात काय करत होती?

याचं उत्तर देईल असं एकच माणूस जिवंत होतं. सगुणाबाई शिळवड्याची लेक, ताम्हिणीला दिलेली. कोंडाजीच्या शेजारचंच तिचं माहेर. हैबतराव दुसऱ्या दिवशी ताम्हिणीला गेला. म्हातारी उन्हाला पाय पसरून बसली होती. त्यानं दोन नावं घेतली, तशी तिनं पसरलेले पाय जवळ ओढले.

"कुशानं सांगितलं व्हय?"

"न्हाई. बुकात निघाली."

"बुकात न्हाई निघायचं बाकीचं," ती म्हणाली, आणि सांगू लागली.

"गाव सुटायच्या आदल्या सांजंला त्या दोघांच्या काखंत गाठी आल्या. पंचांनी आधीच सांगितलं हुतं, आजारी माणूस माळावर आणायचं न्हाई. आन् सरकारी माणसांना कळलं तर समदं घरच उचलून छावणीत न्यायची. तितनं कोण माघारी येत न्हवतं. तुजा आजा माळावर आला तो बायकू आन् कुशाला घिऊन. इचारलं तर म्हणायचा, धाकटी मामाकडं धाडली."

"आन् पोरं?"

"पाण्याची घागर आन् भाकरी ठिवली, आन् भाईरनं कडी घातली."

म्हातारी थांबली नाही.

"कुशा दहा वर्साचा. त्यो पळून गेला गावाकडं. कोंडाजीनं वाटंतनं धरून आणला आन् खोपटाच्या मेढीला दाव्यानं बांधला. कडी काढली आसती तर रोग घिऊन माळावर आला आसता ना त्यो. रडून रडून त्याचा आवाज गेला. मी बारकी हुते, त्याला पाणी द्याया गेले. तर म्हनला, मला नगं, त्यास्नी दे. मी आयला सांगितलं. आयनं माझं तोंड दाबलं."

"म्हंजी समद्यांस्नी ठाव हुतं?"

"समद्यांस्नी. वाऱ्यावर हाका येत हुत्या, बाबा. मग यायच्या बंद झाल्या."

"माझी आजी? सारजाबाई?"

"ती काय बोललीच न्हाई त्याफुडं. वर्साच्या आत गेली. कोंडाजीनं त्या घरात पुन्यांदा पाय ठिवला न्हाई, गावाच्या दुसऱ्या कडंला नवं बांधलं. धरणाचं पाणी चढलं तवा समदं गाव छाती पिटून रडलं. तुजा बाप रडला न्हाई."

हैबतराव उठून उभा राहिला. "राक्षस हुता आजा."

"न्हवता," सगुणाबाई म्हणाली. "लई मवाळ माणूस. तिघं मरणार हुती, एक वाचवला त्यानं. त्या एकाचा तू." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता तू म्हण त्याला काय म्हणायचं ते."

घरी आल्यावर आईनं त्याच्याकडे पाहिलं आणि ताट वाढलं. त्यानं तिला काही सांगितलं नाही. बाप जिवंत असता तर त्याला काय विचारलं असतं, हे त्याला ठरवता येईना. आणि आज्याला शिव्या घालाव्यात, तर त्या आपल्याच जिवावर उलटून येत होत्या.

वैशाखात धरणाचं पाणी खाली गेलं आणि शिळवड्याची जोती उघडी पडली. हैबतराव एकटाच तिकडे गेला. म्हातारीनं खूण सांगितली होती, देवळापासून तिसरं घर. पण देवळाच्या जागी दगडांचा ढीग होता आणि गाळानं सगळी जोती सारखी करून टाकली होती. कुठलं तिसरं, कुठून मोजायचं, कळायला मार्ग नव्हता. बराच वेळ तो भेगाळलेल्या चिखलातून हिंडला. शेवटी एका जोत्यावर त्यानं भाताची दोन पानं वाढली, तांब्यातलं पाणी सोडलं, आणि मोठ्यानं हाक मारली, "गेणबाकाका! भिकूकाका!" आठ आणि पाच वर्षांच्या पोरांना तो काका म्हणत होता.

काठाशी एक जण जाळं उकलत होता. तो जवळ आला. "पान कुणाचं म्हणायचं?"

"चुलत्यांचं."

"धरणात बुडाले व्हय?"

"न्हाई," हैबतराव म्हणाला. त्यानं रिकामा तांब्या उचलला. तो माणूस आपल्या जाळ्याकडे निघून गेला.