शोधून शोधून एकच

ऑफिसात तिला सगळे गोचीड म्हणत, आणि ते तिला माहीत होतं. तिचं कामच तसं होतं. बोन मॅरो, म्हणजे हाडांच्या आतला रक्त तयार करणारा मगज, द्यायला ज्यांनी कधीकाळी नाव नोंदवलं होतं, त्यांच्यापैकी कुणाचा एखाद्या आजाऱ्याशी मेळ बसला की त्या माणसाला हुडकून काढायचं आणि विचारायचं, "नाव दिलं होतंत, आता याल का?" नाव देताना माणसं हौसेनं देतात. कॉलेजात शिबिर असतं, मित्रमंडळी सोबत असतात, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली की काम झालं. पुढं नंबर बदलतात, घरं बदलतात, लग्नं होतात आणि मनंही बदलतात. पण गोचीड एकदा चिकटली की सुटत नसे.

त्या आठवड्यात ती चिकटली होती एका सहा वर्षांच्या मुलीसाठी. मुलीचं नाव तिला माहीत नव्हतं, नियमच तसा होता. मुलीच्या डॉक्टरांनी फोनवर एवढंच सांगितलं की रक्ताचा कॅन्सर औषधांना दाद देईनासा झालाय, धाकट्या भावाचा मेळ बसत नाही, आणि पोरगी वॉर्डातल्या झाडून सगळ्या नर्सना सापशिडीत फसवून हरवते.

"हे शेवटचं मी तुम्हाला सांगायला नको होतं," डॉक्टर म्हणाले. "विसरून जा."

ते काही विसरता येण्यासारखं नव्हतं.

लाखो नावांतून जुळणारं नाव निघालं एकच, पण अगदी तंतोतंत. पंचविशीतली मुलगी, बंदरावर क्रेन चालवणारी. तिचा नंबर कधीच बंद पडला होता. दुसरा नंबर होता आईचा.

"मी मॅरो नोंदणी केंद्रातून बोलतेय. तुमच्या मुलीशी बोलायचं होतं. तिनं कॉलेजात असताना..."

"काय पाहिजे तिच्याकडून?"

"मॅरो. म्हणजे हाडांमधला..."

"हाडं?" पलीकडचा आवाज चढला. "बँकेतून बोलतो म्हणणारे झाले, लॉटरीवाले झाले, आता हाडं मागायला लागलात? लाज कशी वाटत नाही गं!" आणि फोन बंद.

तिनं पुन्हा लावला, तर नंबर ब्लॉक. मग शेजारच्या टेबलावरच्या अकाउंटंटचा फोन घेतला. तोही ब्लॉक झाला. मग साहेबांचा, मग सफाईवाल्या बाईंचा, मग दारावरच्या वॉचमनचा. शुक्रवारपर्यंत त्या माउलीनं ऑफिसातला एकही फोन शिल्लक ठेवला नाही. वॉचमन तर हिरमुसलाच. "माझं हॅलोसुद्धा ऐकून घेतलं नाही," म्हणाला.

शनिवारी सकाळी ती सरळ पत्त्यावर जाऊन धडकली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दारावर पाटी होती, 'कपडे अल्टर करून मिळतील', आणि आतून शिलाई मशीनची खडखड ऐकू येत होती. दार उघडलेल्या बाईंच्या गळ्यात टेप होती आणि ओठांत टाचण्या. हिच्या हातातली पिशवी बघून त्या टाचण्यांच्या फटीतूनच म्हणाल्या, "चेन बसवायचीय की लांबी कमी करायचीय?"

"दोन्ही नाही, मावशी. मी ती हाडंवाली."

टाचणी गिळता गिळता वाचल्या बाई. दार धाडकन लावणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून कुणीतरी खो खो हसलं. ओले केस पुसत एक उंचनिंच मुलगी बाहेर आली. "आई, थांब की! कोण हाडंवाली? येऊ दे तिला आत."

हीच ती क्रेनवाली. गोचीड कापडांच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. मुलगी ऐकता ऐकता गंभीर झाली. आपलेच हात तिनं उलटेसुलटे करून पाहिले, जणू आत काय दडलंय ते बाहेरून दिसणार होतं.

"म्हणजे इतक्या लोकांतून मीच जुळले?"

"तूच."

"मग कधी येऊ?"

"कुठंही जायचं नाही!" आई म्हणाली. टाचण्या तिनं एकेक करून डबीत टाकल्या. मग गोचीडीकडे वळून बोलली, "हिचे वडील पोटाच्या छोट्याशा ऑपरेशनला चालत गेले होते. काही होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले, नर्स म्हणाली, शेजारीपाजारी म्हणाले. काही होणार नाही! घरी आणलं ते चौघांनी. आता तुम्हीही तेच म्हणा."

गोचीडीच्या जिभेवर तेच शब्द तयार होते. आजवर शेकडो जणांना तिनं ते ऐकवले होते. तिनं ते गिळून टाकले.

"नाही म्हणणार," ती म्हणाली. "भूल द्यावी लागते, मावशी. भुलीत धोका असतो. थोडा असतो, पण असतो. कमरेच्या मागच्या हाडात सुया घालून मगज ओढून घेतात. नंतर दुखतं. लाथ बसल्यासारखं काही दिवस दुखतं, कुणाकुणाला जास्त दिवस. मगज पुन्हा भरून येतो. आणि एक सांगते. त्या आजारी मुलीला तयार करायला घेतलं की तिचा स्वतःचा मगज औषधांनी पार मारून टाकतात. त्यानंतर तुमची लेक मागं फिरली, तर त्या पोरीकडे काहीच उरत नाही. तेव्हा नाही म्हणायचं असेल तर आज म्हणा. मी तोंड वाकडं करणार नाही."

मशीनवर अर्धी शिवलेली पँट लोंबत होती. आईनं ती उगाचच सरळ केली.

"दुसरं कुणीच नाही?"

"शोधून शोधून एकच."

"तिच्या आईला माहितीये, कुणीतरी सापडलंय म्हणून?"

"अजून नाही. पक्कं झाल्याशिवाय सांगत नाही."

"म्हणजे मी नाही म्हटलं तरी तिला कळणार नाही."

"कधीच कळणार नाही."

क्रेनवालीनं तोंड उघडलं, पण गोचीडीनं तिला डोळ्यांनीच थांबवलं.

"तेच तर वाईट आहे," आई शेवटी म्हणाली. डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि एकदम कोरड्या आवाजात विचारलं, "भूल देणारा माणूस कोण? मला त्याला भेटायचंय. त्याच्या तोंडून असंच सगळं ऐकायचंय, खरं खरं."

भेट झाली. भूलतज्ज्ञ बाईंना आईनं इतके प्रश्न विचारले की बाहेर रांग लागली. रक्ताच्या तपासण्या झाल्या, मेळ पुन्हा पडताळून पाहिला, तारीख ठरली. तिकडे त्या मुलीची औषधं सुरू झाली आणि इकडे आईनं घराचा किल्ला केला. शिंकणाऱ्या गिऱ्हाइकांना जिन्यातूनच परत पाठवलं. लेकीला थंड पाणी बंद, मोटरसायकल बंद. बंदरावरच्या सुपरवायझरला फोन करून तिनं बजावलं, "माझ्या पोरीला खोकला लागला तर तुम्हाला बघून घेईन." एवढंच काय, दर सकाळी ती गोचीडीलाच फोन करू लागली. "ती छोटी कशी आहे? तू काय करतेयस? मला कुणी काही सांगत का नाही?" ऑफिसातले सगळे नंबर आता खुले झाले होते आणि तिचा फोन कुठल्याही टेबलावर वाजायचा. साहेब हसून म्हणाले, "गोचीडीला गोचीड लागली!"

मगज काढायच्या दिवशी आई ऑपरेशन थिएटरबाहेर बाकावर बसली होती. मांडीवर कुणाची तरी पँट घेऊन हातानं पट्टी घालत होती, आणि टाके इतके वाकडे पडत होते की तिनं आयुष्यात तसे घातले नसतील. गोचीड शेजारी बसून दोरा ओवून देत राहिली. दार उघडलं, भूलतज्ज्ञ बाई मास्क खाली करत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "जागी झालीये. पाणी मागतेय. आणि तुमच्यावर ओरडायचंय म्हणे, रडत असाल तर."

आई रडतच होती. तिच्यासमोरूनच एक माणूस छातीशी निळी पेटी धरून झपाझप निघून गेला. "तेच का?" तिनं विचारलं. गोचीडीनं मान डोलावली. त्या दोघी पेटी लिफ्टमध्ये दिसेनाशी होईपर्यंत बघत उभ्या राहिल्या.

मग सुरू झालं वाट बघणं. क्रेनवाली काही दिवस कमरेवर हात ठेवून म्हातारीसारखी चालली, मग कामावर रुजू झाली. त्या छोटीला मगज चढवला, पण मध्येच तिला ताप आला. नव्या पेशी तिच्या हाडांत मूळ धरतील की नाही ते कळेना. डॉक्टरांचा आवाज थकलेला यायचा. गोचीडीनं आईपासून काही लपवलं नाही, तसं वचनच दिलं होतं. आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "माझ्या पोरीचा मगज आहे तो. धरेल. सुरुवातीला जरा हट्टीपणा करतो."

आणि एका दुपारी डॉक्टर फोनवर चक्क ओरडले. "धरलं! पांढऱ्या पेशी सलग तिसऱ्या दिवशी वाढल्या. ताप उतरलाय. पोरगी खायला मागतेय!"

गोचीड खुर्चीवरून उठली ती चप्पल शोधतच. आईला फोन लावला, तर आई म्हणाली, "ती वर चढली की फोन खालीच ठेवते. तू बंदराच्या गेटावर ये, मी निघालेच."

गेटावर सुपरवायझर आडवा आला. "काम चालू आहे, कुणाला आत सोडता येत नाही." आईनं त्याच्याकडे एकदा बघितलं. त्यानं मुकाट्यानं हातातला वॉकीटॉकी पुढं केला.

आकाशात उंचावर क्रेनची काचेची केबिन चमकत होती. खाली एक लाल कंटेनर हळूहळू ट्रकवर टेकत होता. तो नीट टेकेपर्यंत आई थांबली. मग बटण दाबून तिनं जी आरोळी ठोकली, तिला खरं तर वॉकीटॉकीची गरजच नव्हती.

"अगं ए! धरलं गं! त्या छोटीच्या अंगात तुझं रक्त तयार व्हायला लागलं!"

क्षणभर काहीच झालं नाही. मग वरून भोंगा वाजला. लांबलचक, थांबेचना. ट्रकवाले खिडक्यांतून माना काढून बघू लागले, हमाल हातातलं काम सोडून उभे राहिले. काय झालं म्हणून पलीकडच्या क्रेनवाल्यानं विचारलं, सुपरवायझरनं त्याला सांगितलं, आणि त्यानंही भोंगा दिला. मग तिसऱ्यानं. मग धक्क्याला लागलेल्या एका जहाजानं, त्याला काय कळलं कोण जाणे, आपलाही जाडजूड आवाज त्यात मिसळला.

आई दोन्ही हात वर करून नाचायचीच बाकी होती. गोचीडीनं कानांवर हात ठेवले होते आणि ती हसत होती, गालांवरून पाणी वाहत असताना.